पुढे चाल

त्याचं खरं आडनाव बाकडे नव्हतं. क्लबात आल्यापासून तो मैदानाच्या कडेला राखीव खेळाडूंच्या बाकड्यावर इतकी वर्षं बसला, की कुणीतरी एकदा गमतीनं "काय बाकडेसाहेब" म्हणालं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. नव्यानं येणाऱ्या खेळाडूंना तेच त्याचं आडनाव वाटायचं. एकदा तर क्लबाच्या ऑफिसातून घरी पाकीट आलं, त्यावर 'श्री. बाकडे' असं स्वच्छ टाईप केलेलं. बायकोची हसून हसून पुरेवाट झाली. "म्हणजे मी आता सौ. बाकडे," ती म्हणाली. तोही हसला. गोष्ट हसण्यावारी नेण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

तो गोलरक्षक होता, दुसऱ्या नंबरचा. आता, फुटबॉलात राखीव असण्यातही प्रकार असतात. राखीव आघाडीवीराचं बरं असतं. पुढचे दमले की शेवटची दहा मिनिटं का होईना, त्याला आत सोडतात. गोलरक्षक दमत नाही. तो एकतर आजारी पडावा लागतो, नाहीतर त्याचं हाड मोडावं लागतं. म्हणजे दुसऱ्या नंबरच्या माणसानं रोज सकाळी उठून पहिल्याचं काहीतरी वाईट व्हायची वाट बघायची, आणि वर त्याच्याशी गोड बोलायचं. याला लोक नोकरी म्हणतात.

आणि पहिल्या नंबरवर कोण? तर बायकोचा सख्खा थोरला भाऊ. सगळा क्लब त्याला दादा म्हणायचा, हाही दादाच म्हणायचा. सराव संपला की दादा त्याला घरी चहाला न्यायचा, तिथं बहीण चहा आणून द्यायची, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. "जावईबापू, माझी जागा सोडून काय हवं ते मागा," असं दादा लग्नात सगळ्यांसमोर म्हणाला होता. मांडव हसला. थट्टाच होती ती, पण दादानं ती पाळली.

दादा म्हणजे दगडी माणूस. सर्दी नाही, पडसं नाही, पाय मुरगळला तर पट्टी आवळून उभा. त्यांच्या लीगची पद्धत सरळ होती. सोळा संघ, प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. सगळे साखळी सामने. शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. बाद फेरीची भानगडच नव्हती. या साखळीत दादानं एकही सामना चुकवला नव्हता, एकही मिनिट चुकवलं नव्हतं. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सलग खेळलेले साखळी सामने, असा एक विक्रम लीगमध्ये होता, कुणा जुन्या, कधीच निवृत्त झालेल्या गोलरक्षकाच्या नावावर. दादा त्या विक्रमाच्या मागे लागला आणि बाकडेच्या नशिबाला कुलूप बसलं. संघ पाच गोलांनी पुढे असो की पाच गोलांनी बुडालेला असो, शेवटच्या दोन मिनिटांसाठीसुद्धा दादाला बाहेर काढायचं नाही. कोचचं एकच ठरलेलं, "चाललंय ना नीट? मग कशाला हात लावायचा?"

साखळी सोडून मैत्रीचे सामने असायचे, कुठल्यातरी कारखान्याच्या संघाशी, कॉलेजातल्या पोरांशी. त्यात बाकडे उभा राहायचा, आणि चांगला उभा राहायचा. पण त्या सामन्यांना लीग विचारत नाही. लीगच्या नोंदीत त्याच्या नावापुढे सामने होते शून्य.

कुलपाचं म्हणाल तर त्याचा बापच कुलूपवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं चाव्या करायचं दुकान, एक माणूस उभा राहील आणि दुसरा अंग चोरून बसेल एवढं. गिऱ्हाईक आलं की बाबा कानस चालवता चालवता हटकून सांगायचे, "पोरगा लीगमध्ये खेळतो आपला. गोलात." एखादं गिऱ्हाईक खेळातलं जाणकार निघायचं. "गोलात? गोलात तर दादा असतो." मग बाबांना एकदम चावीचा एखादा दात नीट नसल्यासारखं वाटायचं, आणि ते मान खाली घालून घासत बसायचे.

घरी मात्र ते टोचून कधी बोलले नाहीत. एकदाच म्हणाले. रविवारी बाकडे मैदानावरून परत आला होता, घामाचा थेंब नसलेला शर्ट त्यानं बादलीत टाकला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "लोक डुप्लिकेट चावी करून घेतात ती कधी लागू नये म्हणूनच. माहीत आहे मला. पण मी ती गिऱ्हाइकाला कुलपात एकदा फिरवून बघितल्याशिवाय देत नाही. एकदा तरी फिरायला पाहिजे. नाहीतर ती चावी आहे की नुसता पत्रा, कुणाला कळणार?"

बाकडेला तेवढंच हवं होतं. दादाची जागा नको होती, नाव नको होतं. एक साखळी सामना हवा होता, शून्याच्या जागी एक. त्यासाठी त्यानं हातमोजेसुद्धा वेगळे ठेवले होते. क्लबानं त्याला घेतलं त्या दिवशी बाबांनी आणून दिलेले, भारीतले. मनगटाच्या पट्टीवर बाबांनी तापल्या तारेनं एक छोटीशी चावी काढली होती, हरवले तर ओळखू यावेत म्हणून. सरावाला तो जुनेच घालायचा. नवे पहिल्या सामन्याला.

बायकोची गोष्ट जरा अवघड होती. ती वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. पण दादानं उडी मारली आणि खांबावर आपटला, की प्रेक्षकांत बसलेल्या तिचा जीव खालीवर व्हायचा, आणि त्याच क्षणी इकडे बाकड्यावर नवऱ्याचा हात आपल्या जाकिटाच्या चेनकडे जायचा. दादा उठून उभा राहिला की ती म्हणायची, "बाई गं, उठला." आणि हा चेन परत वर ओढायचा. एका घरात राहून दोघं एकाच माणसाकडे असं दोन बाजूंनी बघत होते. त्याला याची लाज वाटायची. पण हात जायचा तो जायचाच.

मग लीगनं नवीच टूम काढली. पुढच्या हंगामापासून पद्धत बदलणार. सोळा संघांचे दोन गट, साखळी सामने निम्म्यावर, आणि पुढे बाद फेरी, म्हणजे लोकांना शेवटपर्यंत धाकधूक. सामनेच निम्मे झाल्यावर जुने आकडे कसे गाठणार? म्हणून जुन्या पद्धतीचे सगळे विक्रम या हंगामाअखेर बंद करायचे, जिथल्या तिथे. आकडेमोड झाली. दादानं उरलेला प्रत्येक सामना पूर्ण खेळला, तर शेवटून तिसऱ्या सामन्यात विक्रम मोडत होता. मधला एखादा सामना पावसात बुडाला, तरी शेवटचा उरत होता.

कोचनं बाकडेला बाजूला घेतलं. "शेवटची मॅच तुझी. विक्रम झाला की दादा बसेल. शब्द देतो."

बाकडे घरी जाऊन बाबांना म्हणाला, "बाबा, शेवटच्या मॅचला दुकान बंद ठेवा." बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला.

पण दुकान त्याआधीच बंद ठेवायची वेळ आली. हंगामाचे चार सामने उरले असताना दादा तापानं फणफणला. सकाळी सासूबाईंचा फोन आला, तो उठून उभाही राहू शकत नव्हता. मागोमाग कोचचा फोन. "आज तू."

फोन ठेवल्यावर कुठलं तोंड करायचं ते बाकडेला कळेना. आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. बायको ओट्याशी पाठ करून उभी होती.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "तुमची मॅच आहे." मग थोड्या वेळानं, "दोन राहिले होते हो त्याचे. दोनच. एवढी वर्षं पाण्यात गेली बिचाऱ्याची."

"आणि माझी?" तो म्हणाला.

ती वळली, तिचे डोळे लाल होते. मग परत वळून फडक्यानं ओटा पुसत राहिली. त्यानं कपाटातून नवे हातमोजे काढले आणि तो निघाला.

मैदानावर बाबा आधीच हजर. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, पहिल्या रांगेत, गोलाच्या अगदी मागे. बाकडेनं सराव केला, खांबांना हात लावून झाला, पंच आले, घड्याळं जुळवून झाली. फक्त समोरचा संघ नव्हता.

झालं होतं असं. पहिल्या फेरीतला सामना खरं तर इथं व्हायचा, पण तेव्हा इथल्या मैदानाखालचे पाण्याचे नळ फुटले होते. म्हणून तो तिकडे खेळवला आणि परतीचा इकडे घ्यायचा ठरला. तसं पत्र सगळ्यांना गेलं. पण समोरच्या संघाच्या चिटणीसानं भिंतीवर हंगामाच्या सुरुवातीचंच छापील वेळापत्रक लावून ठेवलेलं, आणि त्यात हा सामना त्यांच्या मैदानावर. त्यामुळे ते अकराच्या अकरा आपल्या मैदानावर बूट बांधून उभे, पाहुणे अजून कसे आले नाहीत म्हणून चरफडत. पंचही आले नव्हते, तर त्यांचा समज असा की पंचच चुकले. मॅनेजरनं फोन लावला तेव्हा तिकडचा चिटणीस यालाच ओरडला, "अहो, कुठं आहात तुम्ही? माणसं तापलीत इकडे." दोन्ही मैदानांत अर्ध्या दिवसाचं अंतर. आहे की नाही मजा. असली माती खायला माणूस खेळाच्या धंद्यातलाच लागतो.

नियमाप्रमाणे हजर संघानं मैदानात उतरून उभं राहायचं आणि पंचानं अर्धा तास वाट बघायची. बाकडे गोलात जाऊन उभा राहिला. समोर हिरवं मैदान, पलीकडचा गोल रिकामा. अंगात पूर्ण पोशाख, हातात नवे हातमोजे. प्रेक्षकांत कुणीतरी ओरडलं, "बाकडे, सांभाळ रे, गोल खाशील." सगळं स्टेडियम हसलं. सवयीनं तोही हसला. मागून बाबांचा आवाज आला, "लक्ष ठेव. येतील एवढ्यात."

कुणी आलं नाही. पंचानं शिट्टी वाजवली, हात बाकडेच्या संघाच्या बाजूला दाखवला. पुढे चाल. निकाल तीन-शून्य, पूर्ण गुण. बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. "एक गोल जाऊ दिला नाहीस," ते म्हणाले, आणि खरंच तसं वाटत असल्यासारखे म्हणाले.

कपडे बदलायच्या खोलीत मॅनेजर लीगच्या ऑफिसशी बोलत होता. फोन ठेवून त्यानं कोचला सांगितलं, आणि कोच बाकडेजवळ येऊन बसला.

"गुण संघाला मिळाले," कोच म्हणाला. "खेळाडूंच्या नावावर काही चढत नाही. चेंडूलाच पाय लागला नाही ना. मॅच झाली नाही असं धरतात."

"म्हणजे माझं शून्यच."

"शून्यच."

हातमोजे काढता काढता बाकडे थांबला. "मग दादाचं?"

कोचला हसू आवरेना, आणि त्यात त्याचाही काही दोष नव्हता. "जी मॅच झालीच नाही, ती दादानं चुकवली कशी म्हणणार? सलग ते सलगच. नशीब बघ एकेकाचं."

तिथून तो सासरी गेला. बायको तिथंच होती, दादाच्या उशाशी. त्यानं दारातूनच सांगितलं, काय झालं आणि लीग काय म्हणाली. दादा तापातसुद्धा उठून बसला. सासूबाईंनी देवाला हात जोडून सुटकेचा श्वास सोडला. आणि बायको हसली. खळखळून हसली, टाळी वाजवली, भावाचा खांदा धरून हलवला. हसता हसता तिची नजर दाराकडे गेली आणि तिनं भावाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. पण हसून झालं होतं. पुढं तिनं कितीदा तरी विषय काढला, समजूत घातली, एकदा रडलीसुद्धा. तो म्हणायचा, जाऊ दे, मी विसरलो. साफ खोटं. ते हसणं तो मरेपर्यंत विसरणार नव्हता.

दादा बरा झाला आणि पुढचे दोन्ही सामने खेळला. दुसऱ्यात विक्रम मोडला, फटाके वाजले, खेळाडूंनी त्याला खांद्यावर घेतलं. आता शेवटचा सामना. बाकडेनं कोचकडे बघितलं, तर कोच बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता.

दादाच आला. खांद्यावर हात टाकला. "हे बघ, विक्रम आता इथंच बंद होणार. पुढं कुणी मोडूच शकत नाही. मग आकडा जेवढा वर जाईल तेवढा कायमचा राहणार. एकानं काय होतंय तसं, पण मनाला लागून राहील रे. परक्या माणसाला मी असं मागितलं नसतं. तू घरचाच आहेस."

घरचाच. माणसाला नाही म्हणायची सोय राहू नये म्हणून बनवलेला शब्द आहे हा. बाकडे म्हणाला, "खेळ तू." दुसरं काय म्हणणार होता? सणासुदीला ते दोघं एकाच टेबलावर जेवायचे.

बाबांना त्यानं कळवलंच नाही. ते आले, दुकान बंद करून, तोच इस्त्रीचा शर्ट घालून, आणि गोलाच्या मागे बसले. संघ उतरला तेव्हा त्यांनी गोलात कोण आहे ते बघितलं, मग बाकड्याकडे बघितलं. उठून गेले नाहीत. मध्यंतराला दादाच्या उजव्या हातमोज्याची शिवण उसवली, आणि पिशवीतली दुसरी जोडी ओली होती. "तुझे दे," दादा म्हणाला, बाकडेच्या हातातून घेताघेताच. "घाई आहे." उरलेला अर्धा सामना ते हातमोजे खेळले. बाकडे जाकिटाच्या खिशात हात घालून बसून होता.

नवीन पद्धत आली. निम्म्या सामन्यांना तेवढी माणसं कशाला, म्हणून क्लबानं खेळाडू कमी केले, आणि कोण कमी झालं ते सांगायला नको. बाकडे बाबांच्या दुकानात बसू लागला. बोटं चांगली होती, चावीचं काम लवकर आलं. दादाला लीगनंच मोठ्या हुद्द्यावर घेतलं. घरी जाणं-येणं पूर्वीसारखंच राहिलं. बायको आता त्याला गमतीनंसुद्धा बाकडे म्हणत नसे.

पुढच्या वर्षी लीगनं मोठ्या शहरात नवी इमारत बांधली आणि तिच्यात विक्रमांचं दालन केलं. काचेच्या कपाटांना कुलपं बसवायचं काम ठेकेदारामार्फत बाबांकडे आलं. हत्यारांची पेटी घेऊन बापलेक गेले. दालनाची व्यवस्था बघणाऱ्या बाई नव्या होत्या, खेळातल्या नव्हत्या, पण बोलायला चांगल्या. एकेक कपाट दाखवत त्या शेवटच्यापाशी आल्या. जुन्या पद्धतीचे विक्रम. सलग पूर्ण साखळी सामने. दादाचा फोटो, खाली आकडा, आणि आकड्याखाली हातमोजे. कार्डावर लिहिलं होतं, याच हातमोज्यांनी शेवटचा सामना खेळला.

मनगटाची पट्टी वर होती. तिच्यावर छोटीशी चावी.

बाबा वाकले, चष्मा सारखा केला. बाकडे खाली बसून काचेचं दार दोन्ही हातांनी तोलून धरत होता.

"हे हातमोजे माझ्या पोराचे," बाबा म्हणाले.

बाई चटकन वळल्या. "काय सांगता? म्हणजे विक्रम केला ते दादा तुमचे चिरंजीव?"

बाबांनी बाकडेकडे बघितलं. नीट बघितलं, डोळ्याला डोळा देऊन. बाकडेला वाटलं, आता सांगतील. तो नाही, हा. हा इथं बसलाय तो. त्याला स्वतःलाही बोलता आलं असतं. पण काय बोलणार? लीगमध्ये किती सामने खेळलात, असं बाईंनी विचारलं असतं तर?

"हो," बाबा म्हणाले.

"किती अभिमान वाटत असेल तुम्हाला."

"वाटतो ना." बाबांनी कुलूप दारात बसवलं. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचा.

"आणि हे?" बाईंनी बाकडेकडे बोट केलं. "हेही घरचेच?"

"नाही," बाबा म्हणाले. "हा दुकानात असतो. माझ्या हाताखाली."

बाकडेनं दार तसंच धरून ठेवलं. बाबांनी चारी स्क्रू पिळले. मग पहिली चावी फिरवून बघितली, दुसरी फिरवून बघितली, आणि दोन्ही बाईंच्या हातात दिल्या. "एक नेहमीची, एक डुप्लिकेट. दोन्ही चालवून बघितल्यात." बाईंनी नेहमीची जुडग्यात ओवली आणि दुसरी टेबलाच्या खणात टाकली.

बाकडेनं हत्यारं पेटीत भरली. दारापर्यंत गेला तरी बाबा कपाटासमोरून हलले नव्हते, काचेवरचे बोटांचे ठसे शर्टाच्या बाहीनं पुसत होते.

"तू चाल पुढे," मागं न बघता ते म्हणाले. "मी आलोच."

तो पायऱ्या उतरून रस्त्याला लागला आणि त्यांच्यासाठी थांबला नाही.